गाण्यासाठी प्रवास : महिनोन्महिने आखून, की मनात आलं की निघायचं?

मंद्रसप्तक
आमच्या ग्रुपचं यंदा डिसेंबरमध्ये ग्वाल्हेरला तानसेन समारोहाला जायचं घाटतंय. तारखा, गाड्या, राहायची सोय असं सगळं मी ग्रुपवर टाकलं. त्यावर एका मित्राचं म्हणणं आलं की गाणं असं वेळापत्रक लावून ऐकायचं नसतं, बॅगा भरू, निघू, वाटेत कानावर पडेल ते आपलं. दोघाचौघांनी लगेच त्याला अंगठे दिले. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

आपल्या शास्त्रीय संगीताचे मोठे उत्सव हिवाळ्यात दाटीवाटीने येतात. पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव आणि तानसेन समारोह डिसेंबरात, जालंधरचं हरवल्लभ डिसेंबरच्या अखेरीस, अहमदाबादचं सप्तक १ जानेवारीपासून तेरा दिवस, कोलकात्याचं डोव्हर लेन जानेवारीच्या उत्तरार्धात. यातलं एकही वाटेत सहज लागत नाही. त्यात नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुलतं. सहा जणांना एका डब्यात जागा हवी असेल तर त्याच दिवशी सकाळी बसावं लागतं.

तानसेनचंच घ्या. पहिल्या दिवशी सकाळी तानसेनच्या समाधीपाशी आधी शहनाई, मग ढोलीबुवांची हरिकथा, मग मिलादचं पठण आणि चादर. ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची ती कीर्तनाची गादी. समाधी आहे एका मुसलमान सूफी संताच्या मकबऱ्याच्या आवारात. तिथे ही गादी हरिकथा सांगते आणि समारोहाला सुरुवात होते. मला हे बघायचंच आहे. मनात आलं म्हणून संध्याकाळपर्यंत पोचणाऱ्याच्या वाट्याला हे येत नाही.

वाटसरू
यादी बिनचूक आहे, पण ती महोत्सवांची यादी झाली. गाणं त्यापेक्षा बरंच पसरलेलं आहे.

सवाई ज्यांनी सुरू केला त्या भीमसेन जोशींचंच बघा. अकराएक वर्षांचा मुलगा गदगहून घर सोडून निघाला, खिशात पैसे नाहीत, बिनतिकीट गाड्या बदलत ग्वाल्हेरला गेला, पुढे फिरत फिरत जालंधरला पोचला. तिथे हरवल्लभमध्ये विनायकबुवा पटवर्धन भेटले आणि त्यांनी सांगितलं, गुरू तुझ्या मुलखातच आहे, कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे जा. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयामुळे देवासला गेले, अंथरुणाला खिळले, गायला मनाई. त्या काळात माळव्यातली लोकगीतं रस्त्यावरून, दारावरून त्यांच्या कानावर पडली. कुणी तारीख ठरवून ती ऐकवली नव्हती.

आणि महोत्सवात आता मिळतं काय? २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, तेव्हापासून उघड्या मंडपातली मैफल रात्री दहाला आवरावी लागते. एखाद्या रात्री बारापर्यंत सूट मिळते तेवढीच. कलाकाराला तासभर. विलंबित ख्याल जरा कुठे उलगडायला लागतो तोवर पुढच्याची बैठक मांडायची वेळ होते. मध्यरात्रीचा दरबारी राग नऊच्या आत उरकलेला ऐकण्यासाठी साठ दिवस आधी तिकीट?

मी मिरजेला असाच उतरलो होतो, कामासाठी सांगलीला आलो होतो म्हणून. सतारमेकर गल्लीत एका दुकानाच्या पायरीवर बसलो. आत एक वयस्क कारागीर तंबोऱ्याची जवारी लावत होते. घोडीवर कानस एकदा, दोनदा फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, केसभर पुढे, केसभर मागे. एका जागी आल्यावर तार अचानक गुंजायला लागली आणि त्या एका स्वरातून गंधार स्पष्ट ऐकू आला. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते योग्यच झालं. पण तो गंधार ऐकण्यासाठी मला कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेची गरज पडली नाही. पुढे मी चालत दर्ग्यापर्यंत गेलो, अब्दुल करीम खाँसाहेब जिथे विसावलेत तिथे. ग्रुप बरोबर असता तर कुणीतरी 'चला, जेवायला उशीर होतोय' म्हटलंच असतं.

मंद्रसप्तक
वाटसरू, मिरजेचं छान लिहिलंत. पण भीमसेनजींचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. ते न सांगता निघाले असतील, पण कशासाठी निघालोय हे त्या वयातही पक्कं होतं. ग्वाल्हेर काही वाटेत लागलं नव्हतं. आणि विनायकबुवा जालंधरला का भेटले? हरवल्लभ १८७५ पासून दरवर्षी ठरल्या वेळी भरतं म्हणून. देशभरातले गवई एका जागी येतात हे कुणीतरी पिढ्यान्पिढ्या नेमाने आखत आलं, त्या आखणीवरच तो योगायोग उभा आहे.

दहा वाजताच्या नियमाबद्दल तुमच्याइतकीच हळहळ मलाही आहे. पण उपाय पुन्हा आखणीच आहे. बनारसला संकटमोचन मंदिराच्या आवारात एप्रिलमध्ये हनुमान जयंतीला जोडून संगीत समारोह होतो, तो रात्रभर, पहाटेपर्यंत चालतो आणि प्रवेशाला पैसे नाहीत. पहाटेचा ललत पहाटे, माणसांत बसून ऐकायचा असेल तर अशा मोजक्याच जागा उरल्यात. तारीख तिथीवर ठरते, म्हणजे आधी पंचांग बघायचं आणि मग रजा टाकायची.

पेटीवाली
वाटसरूंच्या प्रतिसादात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसली. मनात आलं की निघायचं, हे ज्यांच्यामागे घरी कुणीतरी सांभाळणारं आहे त्यांना जमतं. आमच्या पेटीच्या वर्गातल्या मैत्रिणींपैकी एकीचे सासरे अंथरुणावर, एकीची मुलगी दहावीला, एकीला रजा महिनाभर आधी सांगावी लागते. आम्ही आखलं नाही तर आम्ही जातच नाही. शिवाय रात्रीची मैफल संपल्यावर अनोळखी गावात मुक्कामी परत कसं जायचं, हा प्रश्न बायकांच्या गटाला आधीच सोडवून ठेवावा लागतो.

आणि आखणी म्हणजे नुसती तिकिटं नव्हेत. आम्ही तिरुवैयारूला, कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांच्या आराधनेला गेलो होतो. तंजावरपासून तेरा-चौदा किलोमीटरवर, कावेरीकाठी. पौष वद्य पंचमीला त्यागराजांच्या समाधीपुढे शेकडो गायक-वादक समोरासमोर रांगा करून बसतात आणि त्यांच्या पाच कृती, ज्यांना पंचरत्न म्हणतात, एकत्र गातात. राग ठरलेले, क्रम ठरलेला : नाट, गौळ, आरभी, वराळी, श्री. आधी त्या कानावरून घातल्या नाहीत तर तिथे आपण नुसते परके बसून राहतो, हे आम्हाला एका तमिळ शेजारणीने आधीच सांगितलं होतं.

म्हणून आम्ही चार महिने तयारी केली. तेलुगू शब्द देवनागरीत लिहून घेतले, दर शनिवारी वर्ग संपल्यावर एकेक कृती लावून ऐकायची, पेटीवर स्वर शोधायचे. आरभीचा आरोह वाजवल्यावर सगळ्या एकदम म्हणाल्या, अगं हा तर दुर्गाचा! अवरोहात गंधार-निषाद आले आणि पुन्हा सगळं अनोळखी झालं. श्रीचं तर उलटंच. नाव आपलं, पण त्यांचा आरोह बघितला तर थेट मधमाद सारंग. प्रत्यक्ष त्या दिवशी नाट सुरू झाला तेव्हा आमच्यातल्या एकीने माझा हात घट्ट धरला आणि पाचही कृती संपेपर्यंत सोडला नाही. आम्हाला प्रत्येक ओळ कुठे वळणार ते माहीत होतं. हे सुख तयारीशिवाय मिळत नाही, आणि तयारी एकटीने केली असती तर मी दुसऱ्या आठवड्यातच सोडून दिली असती.

एक गोष्ट आवर्जून सांगते. ते समाधिमंदिर बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी परंपरेतल्या गायिकेने १९२० च्या दशकात स्वतःच्या कमाईतून बांधलं. त्या काळात आराधनेत बायकांना गायची परवानगी नव्हती. तिने बायकांची वेगळी आराधना उभी केली, वर्षानुवर्षं लावून धरली आणि अखेर सगळ्यांची एकच आराधना झाली. तिची समाधी त्यागराजांच्या समोरच आहे. आम्ही तिथे फुलं वाहिली. हेही आधी वाचून गेलो होतो म्हणून कळलं, नाहीतर तिच्याकडे पाठ फिरवून निघून आलो असतो.

कुशावती
मी गोव्यातल्या सांग्याची. मला दोन्ही बाजूंना एक जागा सुचवायची आहे, जी कितीही आखलीत तरी तुमच्या तारखेला भेटेलच असं नाही. मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी गाव साळावली धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की मे महिन्यात जमीन वर येते, घरांचे चौथरे दिसतात, सोमेश्वराचं देऊळ मोकळं होतं आणि विस्थापित झालेली माणसं आपापल्या देवाच्या, चॅपेलच्या उत्सवाला परत येतात. पाणी किती उतरेल ते त्या वर्षीचा पाऊस ठरवतो. ओळखीच्या कुणाला तरी फोन करायचा आणि 'आता या' म्हटलं की निघायचं. जयपूर-अत्रौली गायकीतलं केवढं मोठं नाव या भेगाळलेल्या मातीतून उगवलं हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. तिथे मैफल नसते हे ध्यानात घेऊन या.

घाटमाथा
वाटसरू +१. आमच्याकडे हरिनाम सप्ताह असतो त्या गावी न ठरवता थांबलेले पाहुणे रात्रभर कीर्तनात बसलेले मी बघितलेत. त्यांना कुणी पास विचारला नाही, जेवायला मात्र बसवलं.

वाटसरू
पेटीवालीताई, तिरुवैयारूचं वाचून फार बरं वाटलं. पण तुमचा पहिला मुद्दा प्रवासाच्या पद्धतीचा नाही, घरातल्या कामाच्या वाटणीचा आहे. सासऱ्यांजवळ दोन दिवस मुलाने बसावं, मग सुनेलाही अचानक निघता येईल. अडचण आहे म्हणून आखणीच श्रेष्ठ, असं होत नाही.

पेटीवाली
वाटणी सुधारायला हवीच. पण ती सुधारेपर्यंत आम्ही गाणं ऐकायचं थांबायचं का? आज, आहे त्या परिस्थितीत, आखणीमुळे आम्ही घराबाहेर पडतो. आणि तुम्हाला आवडेल अशी गोष्ट सांगते. तंजावरला आमची एक संध्याकाळ रिकामी होती. बृहदीश्वराच्या आवारात हिंडताना भोसल्यांच्या इतिहासाचा तो लांबलचक मराठी शिलालेख दिसला, १८०३ चा. अंधार पडेपर्यंत आम्ही अक्षरं लावत, अडखळत वाचत बसलो. गाडी, मुक्काम, जेवण सगळं ठरलेलं होतं म्हणून कुणाच्या जिवाला घोर नव्हता. उरलेल्या वेळेची मोकळीक त्यातूनच मिळाली.

मैलापूरवासी
बऱ्याच वर्षांपासून चेन्नईत आहे, म्हणून मार्गळीपुरतं, म्हणजे डिसेंबर-जानेवारीतल्या इथल्या संगीत हंगामापुरतं बोलतो. महाराष्ट्रातून येणारे ग्रुप दोन महिने आधी मोठ्या नावांची संध्याकाळची तिकिटं काढतात आणि दिवसभर एका सभेतून दुसऱ्या सभेकडे (इथल्या संगीतसंस्थांना सभा म्हणतात) रिक्षाने धावतात. तसं करू नका. संध्याकाळचं एकच ठरवा. बहुतेक सभांमध्ये दुपारच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, नव्या मुलामुलींच्या असतात आणि मोफत असतात. सकाळी म्युझिक अकादमीत सप्रयोग व्याख्यानं असतात, तिथे विद्वान मंडळी एकेका रागावर, एकेका रचनाकारावर गाऊन बोलतात. सभेच्या कँटीनमध्ये केळीच्या पानावर जेवा, शेजारी बसलेल्याला विचारा की आज कुणाला ऐकू. इथले म्हातारे रसिक अगदी मनापासून सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. ग्रुपमधल्या सगळ्यांनी एकाच सभेत बसायचा हट्टही सोडा. चौघांनी चार ठिकाणी ऐकावं आणि रात्री एकमेकांना सांगावं.

मंद्रसप्तक
मैलापूरवासी, दिवसा वेगवेगळं फिरायची सूचना ग्रुपवर टाकतोय. ग्वाल्हेरला दुपारी ज्याला सरोदघर हे वाद्यांचं संग्रहालय बघायचंय त्याने ते बघावं, ज्याला किल्ला चढायचाय त्याने चढावा.

पण मित्राचं आता नवीन म्हणणं असं की शेवटचा दिवस तरी पूर्ण मोकळा ठेवू. ते मी मान्य करणार नाही. त्या दिवशी सकाळची सभा बेहटला असते, तानसेनच्या जन्मगावी, शहरापासून चाळीसएक किलोमीटरवर, झिलमिल नदीच्या काठी. तानसेनच्या गाण्याने कलला असं लोक ज्याच्याबद्दल सांगतात ते शिवमंदिर तिथेच आहे. थंडीत सकाळी लवकर निघावं लागणार, म्हणून गाडी आदल्या दिवशीच सांगून ठेवलेली बरी. वाटसरू, आमच्या गाडीत एक जागा आहे. येणार असाल तर आरक्षण खुलायच्या आधी कळवा.