भावाचा स्किझोफ्रेनिया: आईच्या माहेरचा की कोपीवरचा?

प्रश्न: धारूरकर
धाकट्या भावाला मागच्या वर्षी स्किझोफ्रेनिया निघाला. अंबाजोगाईच्या मेडिकलच्या गोळ्या चालू आहेत, कानातले आवाज बरेच कमी झालेत. पण घरात वेगळंच सुरू झालंय. मामाला हाच आजार होता, म्हणून वडील आईला म्हणायलेत, "हे तुझ्या माहेरचं." आई म्हणते, तो पोटात असताना आठव्या महिन्यापर्यंत ऊसतोडीला उसाच्या मोळ्या वाहिल्या, मग तान्ह्याला कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, टाकून फडात गेले, त्याचं हे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर, थांबणार कशी? खरं काय धरायचं? माझ्या लेकीलाही धोका आहे का?

नर्सताई, लातूर
मानसोपचार वॉर्डात नोकरी झाली माझी. हे भांडण प्रत्येक घरात असतं, आणि बोट बहुतेक आईकडंच जातं.

रक्ताचा वाटा मोठा आहे, पण तो एका जनुकाचा नाही. २०२२ च्या मोठ्या अभ्यासात जनुकसंचात या आजाराशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या, एकेकीचा परिणाम चिमूटभर. आणि एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार असला तरी दुसऱ्याला तो जेमतेम निम्म्या वेळा होतो. जनुकं तर तीच ना?

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात उपासमार झाली. ती ऐन भरात असताना ज्यांचा गर्भ राहिला, त्यांच्यात हा आजार दुपटीच्या आसपास दिसला. पण ती नड पहिल्या महिन्यांतली, आठव्यातल्या मोळ्यांची नव्हे. लहानपणी मारहाण, अत्याचार, हेळसांड सोसलेल्यांत सायकोसिसचा (भास-भ्रमाचे आजार, स्किझोफ्रेनिया त्यातलाच) धोका पावणेतीन पटीच्या घरात जातो, हेही खरं. पोटासाठी पोर कोपीत ठेवणं म्हणजे हेळसांड, असं मी तरी म्हणणार नाही. तशी वाढलेली कितीतरी पोरं ठणठणीत आहेत.

लेकीचं: सख्ख्या काकाला असेल तर शंभरात तीन-चार. एरवी शंभरात एक.

बालाघाटचा मास्तर
गांजा ओढायचा का तो? ज्याच्या रक्तात आहे त्याला गांजा लवकर पाडतो.

धारूरकर
कारखान्यावर लागला होता नाद. आता बंद आहे. दिवाळीनंतर तोडीला न्यावं का त्याला?

नर्सताई, लातूर
यंदा नको. रात्री-बेरात्री गाड्या भरायच्या, झोप मोडली की आवाज परत येतात. न्यायचाच झाला तर आधी डॉक्टरांना विचारा, हंगामभराच्या गोळ्यांची सोय लावा. अडलं तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, मराठीत बोलतात.