चारधामला चौघं : मोठ्या कंपनीची टूर, छोटी यात्रा कंपनी की आपली आपण गाडी?

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी. सप्टेंबरअखेरीला उत्तराखंडच्या चारधामचा (यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ) बेत आहे. आम्ही चौघं: मी, नवरा, आई (६९, गुडघ्यांनी संप पुकारलाय, जिद्द मात्र दांडगी) आणि सासूबाई (७२, बीपीची गोळी चालू, चालायला माझ्यापेक्षा टुणटुणीत). दोघींना केदारनाथ करायचंच आहे. बाकीचे धाम 'घडले तर घडले'. सुट्टी बारा दिवस. बजेट प्रवासासकट माणशी ५० हजार, ताणून ५५.

आत्तापर्यंत तीन पर्याय समोर आलेत.
अ) मुंबईची मोठी कंपनी, दिल्ली ते दिल्ली, माणशी ५८ हजार. विमान वेगळं.
ब) ठाण्यातलेच एक काका दरवर्षी यात्रा नेतात, बरोबर आचारी. हरिद्वारपर्यंत थ्री एसी धरून माणशी ३४.
क) हरिद्वारहून इनोव्हा घ्यायची, हॉटेलं आपण शोधायची. याचा हिशेब अजून मांडलेला नाही.

दोघी आयांना मराठी जेवण आणि गप्पांना सोबत हवी. मला स्वच्छ संडास हवा. नवऱ्याला पहाटे कोणी उठवायला नको. कोणाला काय सोसेल, अनुभव सांगा.

घाटवाट
नवरोबांना आधी कल्पना द्या. चारधामला पाचला उठवलं तर तो सुट्टीचा दिवस समजायचा. :)

पेणकर_काकू
आम्ही दोघं 'ब' सारख्याच एका यात्रेबरोबर जाऊन आलो. जेवणाला तोड नाही. बसच्या डिकीत शेगडी, पातेली, पोळपाट, दाण्याच्या कुटाचा डबा, सगळा संसार. यमुनोत्रीच्या वाटेवर बडकोटला लॉजच्या मागच्या पडवीत आचाऱ्याने मुगाची खिचडी, भाजलेला पापड आणि लिंबाचं लोणचं वाढलं, तेव्हा दिवसभर घाटात उलट्या करणाऱ्या बायकासुद्धा दोन घास जास्त जेवल्या.

राहण्याचं मात्र विचारू नका. ट्रिपल शेअरिंग म्हणजे एक डबलबेड आणि खाली गादी. खाली कोण झोपणार यावरून पहिल्याच रात्री एका जोडप्याची आणि एका मावशींची जुंपली. गीझर नाही. गरम पाण्याची बादली लॉजवाला पैसे घेऊन देणार आणि तिच्यासाठी पहाटे चारला रांग. संडास बहुतेक ठिकाणी भारतीय. ताई, आईंचे गुडघे लक्षात घेता ही चौकशी पैसे भरायच्या आधी करा.

जुना_टूर_मॅनेजर
या धंद्यात बरीच वर्षं काढली, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो. कुठल्याच कंपनीचं मीठ खात नाही, म्हणून मोकळेपणी लिहितो.

५८ आणि ३४ मधले वरचे २४ हजार हॉटेलात जातात असं सगळ्यांना वाटतं. थोडे जातात. पण बडकोट काय, केदारनाथच्या वाटेवरची गुप्तकाशी काय, तिथे 'डिलक्स' म्हणजे गीझर चालू आणि चादर धुतलेली, इतकंच समजा. बाकी एका खोलीत दोघंच, टूर मॅनेजरचा पगार, ऑफिस, जाहिराती आणि ५ टक्के जीएसटी. (३४ मध्ये तो धरलाय का, हेही विचारा.) पण खरा फरक दिवसाच्या आखणीत असतो आणि तो माहितीपत्रकात दिसत नाही.

गंगोत्रीहून परतताना उत्तरकाशी ते गुप्तकाशी बघा. दोनशे किलोमीटरच्या आसपासचं अंतर. आपल्याकडे चार तास धरू, तिथे घाटात तासाला वीस-पंचवीसच्या वर काही पडत नाही. रात्री यात्रामार्गावर गाड्या सोडत नाहीत. म्हणजे स्वस्त टूरवाल्याला एक मुक्काम वाचवायचा असेल तर एकच उपाय उरतो, पहाटे चारला बस काढायची. तुमचे पैसे तिथे वाचतात आणि आईंचे गुडघे तिथे जातात. महागातल्या सगळ्याच टूर निवांत असतात असंही नाही. काही ठिकाणी ५८ घेऊनही हेच करतात, फक्त बस पुशबॅक असते.

म्हणून दोघांकडूनही रोजचा तक्ता मागा. किती किलोमीटर, किती वाजता निघणार, मुक्काम नेमका कुठल्या गावात. 'गुप्तकाशी किंवा जवळपास' असं लिहिलं असेल तर त्या 'जवळपास'चं नाव विचारा. ते कधी कधी तासभर अलीकडे असतं. खोली कितव्या मजल्यावर देणार तेही विचारा. लिफ्ट फार कमी ठिकाणी असते, आणि डोंगरातल्या इमारतीत रस्ता बऱ्याचदा वरच्या मजल्याला लागलेला असतो. मग 'दुसरा मजला' म्हणजे दोन जिने खाली.

आता केदारनाथचा दिवस. बस सोनप्रयागलाच थांबते. पुढे गौरीकुंडापर्यंत पाचेक किलोमीटर तिथल्या जीपने, मग चढ. पूर्वी तो १४ किलोमीटर म्हणायचे. २०१३ च्या प्रलयात वाटेतला रामबाड्याकडचा रस्ता वाहून गेला. आता नदी ओलांडून पलीकडच्या अंगाने जावं लागतं, सोळा-सतरा तरी धरा. घोडा, दंडी (माणसांनी खांद्यावर न्यायची पालखी), कंडी (पाठीवरची टोपली), हेलिकॉप्टर, हे सगळं जवळपास प्रत्येक पॅकेजमध्ये 'स्वखर्चाने' असतं. दंडीला चार माणसं लागतात, तो खर्च घोड्याच्या कितीतरी पट. आईंसाठी दंडी आणि सासूबाईंसाठी घोडा धरलात तर काकांचे ३४ हे ३४ राहत नाहीत. वर केदारनाथचा मुक्काम पॅकेजमध्ये आहे का? नसेल तर अंधारात खोली शोधत फिरायची तयारी हवी.

आणि एक नक्की विचारा: सगळ्यात मागे राहणाऱ्या माणसाबरोबर तुमचा कोण थांबणार? मोठ्या टूरलासुद्धा चाळीस माणसांमागे एकच मॅनेजर असतो, आणि तो पुढे खोल्या ताब्यात घ्यायला गेलेला असतो.

ठाणेकरीण
बापरे, मॅनेजर काका, हे कुणीच सांगितलं नव्हतं. आईसाठी हेलिकॉप्टर डोक्यात होतं. मोठ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "मॅडम, ते आम्ही बघतो."

जुना_टूर_मॅनेजर
बघतो म्हणजे प्रयत्न करतो. केदारनाथच्या शटल हेलिकॉप्टरची तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा साइटवरच निघतात, आणि त्याआधी प्रत्येकाची यात्रा नोंदणी झालेली लागते. खिडकी उघडली की बघता बघता संपतात. खोट्या साइटवर पैसे घालवणारे दरवर्षी निघतात, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या लिंकला हातसुद्धा लावू नका. २०२५ च्या मे महिन्यात फाटा-सिरसीच्या हेलिपॅडवरून जाऊन-येऊन सहा हजारांच्या आसपास दर होता, गुप्तकाशीहून साडेआठ. पावसाळ्यानंतर वाढवला. तुम्ही सप्टेंबरअखेरीला जाताय, तर वाढीव दर धरूनच हिशेब करा. वजन ८० किलोच्या वर गेलं की जादा पैसे.

हवा बिघडली तर उड्डाण रद्द, आणि ग्रुपची बस दुसऱ्या दिवशी बद्रीनाथला निघालेली असते. ती तुमच्यासाठी थांबत नाही. देहरादूनहून चारी धामांचं चार्टर मिळतं, पण ते आपल्या बजेटच्या गावचं नाही.

इनोव्हावाला
म्हणूनच 'क'. आमची मंडळी दोन वेळा उड्डाणासाठी एक दिवस जास्त थांबली, कुणाची परवानगी नाही, कुणाचे टोमणे नाहीत. चौघांना इनोव्हा ऐसपैस. गाडी उत्तराखंडचीच घ्या, ड्रायव्हर डोंगरातला घ्या. गाडीचं ग्रीन कार्ड (गाडी डोंगरात चालवायला ठीक असल्याचा परिवहन खात्याचा दाखला) आणि ट्रिप कार्ड (त्या फेरीची नोंद) आहे का ते आधीच बघा, नाहीतर चेकपोस्टवर अडकाल.

आता वाईट बाजू. जेवण म्हणजे पराठा, मॅगी, राजमा-चावल आणि पुन्हा पराठा. पाचव्या-सहाव्या दिवशी ज्येष्ठ मंडळी आमटी-भाताच्या आठवणी काढायला लागतात. आणि हॉटेल, दंडी, नोंदणी, ड्रायव्हरचं जेवण हे सगळं एका माणसाच्या डोक्यावर बसतं. तुमच्या घरात तो माणूस पहाटे न उठणारा आहे असं दिसतंय.

डॉ_सातारकर
गुडघ्यांबद्दल सगळे बोलले, उंचीबद्दल कुणीच नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे. हेलिकॉप्टरने माणूस काही मिनिटांत वर पोचतो, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. वर गेल्यावर डोकं दुखायला लागलं, मळमळलं, धाप लागली, तर मुक्कामाचा हट्ट सोडून त्याच दिवशी खाली यायचं. सासूबाई टुणटुणीत असल्या तरी जायच्या आधी ईसीजी आणि बीपी बघून घ्या. गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, एक संच अंगावरच्या पिशवीत. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) वगैरे स्वतःच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

दूनवासी
मूळची सांगलीची, आता देहरादूनला असते. गढवाल मंडल विकास निगमबद्दल कुणीच लिहिलं नाही? त्यांची विश्रामगृहं यात्रामार्गावर जागोजागी आहेत आणि ऋषिकेशहून बसच्या यात्राही निघतात. खोल्या साध्या, जागा मात्र बहुतेक ठिकाणी मोक्याच्या. सरकारी कारभार असल्यामुळे रूम सर्व्हिसची अपेक्षा ठेवू नका, मी कांबळं मागितलं तर "दीदी, आप खुद ले लो" असं उत्तर आलं.

एक दिवस रिकामा ठेवाच. सप्टेंबरअखेरीला पाऊस ओसरतो, पण भिजलेली दरड नंतरही येते. दिवाळीपर्यंत लांबवाल तर भाऊबीजेला केदारनाथची कपाटं (देवळाचे दरवाजे) बंद होतात. आणि आई 'रोपवे झाल्यावर जाऊ' म्हणाल्या तर ऐकू नका. सोनप्रयाग-केदारनाथ रोपवेला २०२५ च्या मार्चमध्ये केंद्राची मंजुरी मिळाली, पण एवढ्या उंचीवरचं काम वर्षानुवर्षं चालणार.

ठाणेकरीण
सगळ्यांचे आभार. काल ठाण्याच्या काकांना फोन करून तक्ता मागवला. उत्तरकाशीहून पहाटे चार! मॅनेजर काका, तुम्ही ज्योतिष बघता का? माणूस प्रामाणिक वाटला पण. म्हणाले, "ताई, ३४ मध्ये हेच बसतं."

घरी बैठक झाली. आईने स्वतःच यमुनोत्री सोडली, कारण तिथेही पाच-सहा किलोमीटरचा उभा चढ आहे. आता केदार-बद्री की गंगोत्री-बद्री, एवढंच उरलंय.

जुना_टूर_मॅनेजर
गंगोत्री आणि बद्रीनाथला गाडी देवळाच्या बरीच जवळ जाते. गुडघ्यांसाठी तीच जोडी बरी. पण आईंना ज्योतिर्लिंग हवं असेल तर गंगोत्रीने मन भरणार नाही, हे मी पुष्कळ बघितलंय. केदार-बद्री करा. दोनच धाम म्हटल्यावर बारा दिवसांत रिकामे दिवस निघतात, पहाटेची पळापळ टळते.

आणि तुमच्या यादीत नसलेला एक प्रकार सुचवतो. ओळखीची दहा-बारा माणसं जमवा आणि त्याच काकांना सांगा, आम्हाला आमचा वेगळा ग्रुप करून द्या. हरिद्वारहून १७ सीटर टेम्पो ट्रॅव्हलर, तुमचा आचारी, तक्ता आम्ही ठरवणार, खोलीत दोघं. माणशी ३४ च्या वर जाईल, पण ५८ पर्यंत जाऊ नये. छोट्या यात्रावाल्यांना असं काम आवडतं, सीट भरायची चिंता नसते.

पेणकर_काकू
+१. आणि ट्रॅव्हलरमध्ये रोज सीट बदलायचा नियम पहिल्याच दिवशी करा. चाकावरच्या सीटवर सलग बसलं की कंबर कामातून जाते.

ठाणेकरीण
अहो, हे कसं सुचलं नाही! सासूबाईंचं भजनी मंडळ आहे. संध्याकाळी नुसता विषय काढला तर आठ जणी तयार, त्यातल्या दोघी टाळ बरोबर घ्यायचे का विचारतायत. काकांनी बारा जणांसाठी माणशी ४३ सांगितलेत, केदारनाथचा मुक्काम आणि एक रिकामा दिवस धरून. घोडा-दंडी-हेलिकॉप्टर वेगळं. नवरा मात्र गप्प झालाय. बारात एकटा पुरुष.

इनोव्हावाला
त्यांना ड्रायव्हरशेजारची सीट द्या, सुटतील.

जुना_टूर_मॅनेजर
४३ ठीक आहेत. काकांकडून तक्ता, खोलीत किती जण आणि कोणी रद्द केलं तर किती पैसे परत, हे लेखी घ्या. आठ जणींचा होकार हा भजनाच्या दिवशीचा होकार आहे, त्यातल्या सहा येतील असं धरून दर पुन्हा विचारा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तोवर प्रत्येकीकडून आगाऊ रक्कम आणि आधारची प्रत घेऊन ठेवा. नोंदणीत नाव आधारवर आहे तसंच लागेल, लग्नानंतर बदललेलं पण आधारवर न बदललेलं एक तरी नाव निघतंच.