दिवाळी अंकाच्या कथेसाठी एआय वापरलंय का कोणी? ऋतू पार चुकतोय

चावदिस_कुडाळ:
मंडळी, एका दिवाळी अंकाने कथा मागितलीये, ऑगस्टअखेर द्यायची, अडीच हजार शब्दांत. कथा आमच्याकडच्या चावदिसाची, म्हणजे नरक चतुर्दशीची. भातकापणी अर्धवट पडलेलं घर, मुंबईहून आलेली सून, आणि नव्या भाताचे पोहे कांडायचे की बाजारातून आणायचे यावरून सासूशी कुरबुर. एका एआय टूलला हे सगळं सांगून कथा लिहून मागितली. मराठी सफाईदार आलं पण वातावरण सगळं भलतंच, लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात चक्क पूर्ण चंद्र, अहो अमावस्या असते त्या दिवशी! पहाटे कडाक्याची थंडी, सगळे शाली पांघरून बसलेत. आमच्याकडे तेव्हा दुपारी घामाच्या धारा लागतात आणि संध्याकाळी परतीचा पाऊस येऊन कापलेलं भात भिजवतो, सगळ्या घराचा जीव त्या भातात अडकलेला असतो. कारीट फोडणं नाही, पोहे नाहीत, रामाचं अयोध्येला परतणं मात्र आलंय. तरी टूल सोडून द्यावंसं वाटत नाही कारण इथे गावात कथेवर बोलायला कोणी नाही. सणाच्या कथेसाठी कोणी नीट वापरलंय का, कसं?

बांधावरून:
ताई, लिहायला सांगूच नका त्याला, विचारायला सांगा. मी असं टाकते की 'तू एकही वाक्य लिहायचं नाहीस, कथेतल्या घराबद्दल मला एकेक प्रश्न विचार, उत्तर मोघम वाटलं तर परत विचार.' मग ते विचारतं कारीट कोण आणतं, कुठून आणतं, कुठल्या पायाने फोडतात, लहान पोरं जिभेला लावताना तोंड कसं करतात. आपण उत्तरं लिहीत गेलो की तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याखाली चिरडलेलं कारीट, 'गोविंदा गोविंदा' ओरडणं, तो कडू रस, हे सगळं आपल्याच शब्दांत कागदावर येतं. माझी मागच्या वर्षीची कथा अशीच सुटली, त्यातलं एकही वाक्य मशीनचं नाही.

जुनाअंक:
मला हे पटत नाही, स्पष्टच सांगतो. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 1909 साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा चालत आलीये आणि वाचक अंक विकत घेतो तो कोणीतरी माणसाने जगून लिहिलेलं वाचायला मिळेल म्हणून. 2023 च्या फेब्रुवारीत क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकन मासिकाला कथा स्वीकारणंच काही काळ थांबवावं लागलं होतं, इतका मशीनने लिहिलेल्या कथांचा पूर आला. आपल्याकडचे बरेचसे अंक दोन-चार माणसं नोकरी सांभाळून काढतात, त्यांच्याकडे असा ढीग आला तर नवीन लेखकाची खरी कथा वाचायला वेळ कुठून आणणार? वापरलंत तर संपादकांना कळवा, एवढं तरी कराच.

रात्रपाळी:
कळवण्याबद्दल जुनाअंक यांच्याशी सहमत. बाकी ताई, असं होतं कारण ही टूल्स जे सगळ्यात जास्त वेळा लिहिलं गेलंय तेच पुढे सरकवतात, आणि दिवाळीवरचा इंटरनेटवरचा मजकूर बहुतेक हिंदी-इंग्रजीतला, उत्तरेकडचा. त्यात सिंधुदुर्गातली पहाट कितीशी असणार? आपल्याकडची बलिप्रतिपदासुद्धा सांगितल्याशिवाय येत नाही. मी कथा आधी पूर्ण लिहितो, मगच दाखवतो आणि दोनच गोष्टी विचारतो, वाचक कुठे कंटाळेल आणि काळाचा घोळ कुठे झालाय. घोळ बरे पकडतं, म्हणजे सून सकाळी आली म्हटलंय आणि आदल्या रात्रीच्या जेवणात तिचं ताट आहे असं काही. तिथी मात्र कधीच त्याला विचारू नका, कालनिर्णय उघडा. 2025 ला नरक चतुर्दशी 20 ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन 21 ला, असल्या वर्षांत हमखास गोंधळ घालतं. आणि मालवणी संवादांना हात लावू देऊ नका, सरळ प्रमाण मराठी करून टाकतं नाहीतर कुठलीच नसलेली बोली तयार करतं.

चावदिस_कुडाळ:
खूप आभार सगळ्यांचे. बांधावरून, तुमचं करून बघितलं आत्ता. त्याने विचारलं, 'पाऊस आला तेव्हा भात कोणी उचललं?' आणि मी लिहून बसले की सासू कंबर धरून बसली होती, सून साडी खोचून शेतात उतरली, भारे माजघरात आणून पसरले आणि पोह्यांचा विषय रात्री कोणी काढलाच नाही. माझ्या कथेत हा प्रसंगच नव्हता! आता पोह्यांची कुरबुर आधी ठेवू की पावसानंतर, यावर अडलेय. जुनाअंक, संपादकांना आजच मेल करते, प्रश्नांपुरतं वापरलंय असं स्पष्ट लिहून, त्यांना चालत नसेल तर कथा दुसरीकडे देईन. रात्रपाळी, मसुदा झाला की तुम्ही वाचाल का? मशीनच्या आधी तुम्हालाच पाठवते.