मदत हवी आहे: पुतणीच्या अमेरिकेच्या व्हिसाची सरकारी फी खरंच 3,005 डॉलर आहे का?

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी. आमच्या थोरल्या भावाच्या मुलीचा साखरपुडा झाला, लग्न वैशाखात, बेळगावातच. मुलगा मूळ चंदगड तालुक्यातला, बरीच वर्षं टेक्सासला आहे, तिकडचं नागरिकत्वही मिळालंय. पुतणीकडे पासपोर्ट आहे, बाकी काही नाही.

आता घोळ असा की दादा बेळगावातल्या एका कन्सल्टन्सीवाल्याकडे जाऊन आले. तो म्हणाला, लग्नावरून न्यायची सरकारी फी पार वाढली आहे, 3,005 डॉलर, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास. त्याचे साठ हजार वेगळे. वर, "लवकर भरा, पुढच्या महिन्यात अजून वाढणार आहे." पैसे रोख द्यायचे, पावती नंतर. शिवाय त्याने एक जवळची वाटही सुचवली: लग्न झालं की तिला टुरिस्ट व्हिसावर पाठवा, तिथे गेल्यावर सगळे फॉर्म एकदम भरता येतात.

दादा शेतकरी माणूस. यंदा बासमतीला भाव बरा मिळाला, पण लग्नाचाच खर्च डोक्यावर आहे. पतसंस्थेत सोनं ठेवायच्या गोष्टी करायलेत. मी म्हटलं, थांबा की ओ जरा, चार जाणत्यांना विचारू.

जावयाला विचारा असं तुम्ही म्हणाल. तिथेच गाडं अडलंय. दादा म्हणतात, अजून अक्षता पडल्या नाहीत आणि आत्ताच व्हिसाचे पैसे कोण भरणार हे मुलीच्या बापाने कसं विचारायचं? व्याह्यांना काय वाटेल? वहिनी तर म्हणतात, पोरीचं पाठवणीपर्यंतचं सगळं आपलंच, विमानाच्या तिकिटासकट.

भावकीच्या व्हॉट्सअप ग्रुपवर कोणीतरी "आता एक लाख डॉलर फी" असंही टाकलंय. ते वाचून वहिनी दोन घास नीट जेवल्या नाहीत. कृपया कोणी नीट सांगेल का, फी नक्की किती, कोणी भरायची आणि कुठे?

टिळकवाडी_कट्टा

एक लाख डॉलरवाला मेसेज आमच्याही ग्रुपवर फिरला. ते एच-1बी नोकरीच्या नव्या अर्जांचं आहे, 2025 च्या सप्टेंबरमधलं. लग्नाच्या व्हिसाशी त्याचा काडीचा संबंध नाही. वहिनींना जेवायला सांगा. बाकीचं जाणकार सांगतील.

डॅलसची_सून

काका, मी निपाणीची. लग्न करून इकडे आले ती ह्याच रस्त्याने, म्हणून सविस्तर लिहिते.

एजंटाने सांगितलेला आकडा त्याने हवेतून काढलेला नाही, फक्त तो तुमच्या पुतणीला लागू नाही. 3,005 ची बेरीज अशी होते. बायकोला नेण्यासाठी नवऱ्याने भरायचा आय-130 अर्ज कागदावर पाठवला तर 675. बायकोचा आय-485, म्हणजे तिथे राहूनच ग्रीनकार्ड मागायचा अर्ज, 1,440. कामाच्या परवान्याचे 260 आणि मधल्या काळात देशाबाहेर जाऊन परत येण्याच्या परवानगीचे 630. हे सगळं जी व्यक्ती आधीच कायदेशीर मार्गाने अमेरिकेत आहे, तिच्यासाठी. 2024 च्या 1 एप्रिलला दर वाढले तेव्हा खरा मार बसला तो ह्याच लोकांना. त्याआधी आय-485 चे बोटांच्या ठशांसकट 1,225 घ्यायचे आणि कामाचा व प्रवासाचा परवाना त्यातच मिळायचा. आय-130 चे तेव्हाचे 535 धरले तर 1,760 मध्ये सगळं उरकायचं. आता तेच 3,005.

तुमची पुतणी येळ्ळुरात आहे. तिचा रस्ता मुंबईच्या कॉन्सुलेटमधून जातो. आधी नवरा तिथून आय-130 भरेल, ऑनलाइन भरला तर 625. तो मंजूर व्हायला वर्ष-दीड वर्ष सहज जातं. मग केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे येते, तिथे व्हिसा अर्जाचे 325 आणि नवऱ्याच्या आर्थिक हमीपत्राचे 120. मुंबईत मुलाखत होऊन व्हिसा लागला की निघण्याआधी ग्रीनकार्ड छापण्याचे 235. झाले 1,305. डॉलर 90 रुपये धरला तर 1,17,450 रुपये, तेही एकदम नव्हे, दीड-दोन वर्षांत विभागून. जुन्या दराने हेच 1,200 झाले असते. म्हणजे ह्या रस्त्यावरची वाढ 105 डॉलरची.

आता तुमचा अवघड प्रश्न, कोणी भरायची. काका, हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही. आय-130 हा नवऱ्याचा अर्ज आहे, तो त्याच्याच खात्यातून भरला जातो. 325 आणि 120 तर अमेरिकन बँकेच्या खात्यातूनच घेतात, बेळगावच्या बँकेतून ते जातच नाहीत. मग रोख पावणेतीन लाख घेऊन तो एजंट ते भरणार कुठे, हे दादांनी त्याला सहज विचारून बघावं.

जावयाला सांगायचंच असेल तर पैशाचं काढू नका. "अर्ज तुम्हालाच भरायचा असतो म्हणे, आमच्याकडून कोणते कागद लागतील?" एवढंच विचारा. शहाणा असेल तर पुढचं त्याला कळेल. माझ्या सासऱ्यांनी तर माझ्या बाबांना आपणहून फोन केला होता, पण प्रत्येक घरी असंच होईल असं नाही. हमीपत्रात त्याला बायकोला पोसण्याइतकी कमाई दाखवावीच लागते, दोन माणसांच्या घराला वर्षाला साधारण 26-27 हजार डॉलरच्या पुढे. ज्याला ते जमतं त्याला 1,305 जड नाहीत.

आणि ती टुरिस्ट व्हिसाची वाट अजिबात नको. राहायला जायचं मनात ठेवून "फिरायला चाललेय" असं अधिकाऱ्याला सांगणं म्हणजे खोटी माहिती देणं. तसा शेरा बसला तर ग्रीनकार्डचा दरवाजा कायमचा बंद होऊ शकतो. एजंटाचा तोपर्यंत फोन बंद.

लेस्टरचा_मामा

तुम्ही स्वस्तात सुटलात म्हणायचं. इकडे ब्रिटनमध्ये बायकोला आणायची फी 2025 च्या एप्रिलमध्ये 1,938 पौंड झाली, वर आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 प्रमाणे तीन वर्षांचा एकदम, म्हणजे 3,105. हा अधिभार 2024 च्या फेब्रुवारीआधी वर्षाला 624 होता. मिळवणाऱ्याचा पगार 29,000 च्या वर लागतो, आधी 18,600 ला भागायचं. माझ्या भाच्याचं लग्न होऊन सून अजून खानापुरातच आहे, पगार तिथवर पोचेना म्हणून. फीपेक्षा पगाराच्या अटीने जास्त संसार अडकवलेत इथे.

सांबरा_ते_सिएटल

"पुढच्या महिन्यात वाढणार" ह्याबद्दल. फी वाढते हे खरं, पण अशी महिन्याच्या बोलीवर नाही. हे अर्ज बघणारं अमेरिकेचं इमिग्रेशन खातं जवळपास 96 टक्के अर्जदारांच्या फीवर चालतं, सरकारी तिजोरीतून त्याला फारसं मिळत नाही, म्हणून दर काही वर्षांनी दर चढतात. आय-130 ला 2007 च्या उन्हाळ्यापर्यंत 190 डॉलर पडायचे, मग 355 झाले, 2010 ला 420, 2016 च्या डिसेंबरात 535, आणि 2024 ला कागदावर 675, ऑनलाइन 625. शेवटच्या वाढीचा प्रस्ताव 2023 च्या जानेवारीत आला तेव्हा कागदी अर्जाला 820 म्हणत होते. हरकती-सूचना होऊन वर्षाने 675 वर आले. म्हणजे चाहूल भरपूर आधी लागते.

अपवाद 2025 च्या जुलैतल्या कायद्याचा. त्यातल्या नव्या फी अशा वाजतगाजत आल्या नाहीत. पण त्यातली 250 डॉलरची व्हिसा इंटिग्रिटी फी पर्यटक, विद्यार्थी, नोकरदार अशा तात्पुरत्या व्हिसांवर आहे. कायम राहायला जाणाऱ्या बायकोच्या व्हिसावर नाही.

आणखी एक, अर्ज ज्या दिवशी दाखल होतो त्या दिवसाची फी लागते. आय-130 एकदा गेला की त्याचे दर पुढे वाढले तरी फरक मागत नाहीत. 325, 120 आणि 235 मात्र ज्या त्या वेळच्या दराने.

येळ्ळूरकर

सगळ्यांचे आभार. दादांना वाचून दाखवलं. "भरणार कुठे" हा प्रश्न त्यांना फारच आवडला, उद्या त्याच्याकडे जाऊन विचारतो म्हणाले. मी म्हटलं, आता जायचंच कशाला.

पुतणीची एक शंका. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, साखरपुड्यावरच के-1 व्हिसा मिळतो, लग्न तिकडे जाऊन करायचं. ते स्वस्त पडतं का? आणि कागदांचं काय? जन्मदाखला कन्नडमध्ये आहे, त्यात वहिनींचं माहेरचं नाव आहे. शाळा मराठी, दाखल्यावर नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलंय.

डॅलसची_सून

के-1 स्वस्त नाही, उलट महाग. त्याच्या अर्जाचेच 675, व्हिसाचे 265, आणि तिथे जाऊन 90 दिवसांत लग्न केलं की परत तोच 1,440 चा आय-485. झाले 2,380, कामाचा परवाना लगेच हवा असेल तर तो वेगळा. हा व्हिसा तात्पुरत्या गटात मोडतो, त्यामुळे ती 250 ची नवी फीही ह्याच्याच मागे. शिवाय वैशाखातलं कार्यालय बुक झालं असेल, ते सोडून पुतणीला एकटीला तिकडच्या कोर्टात उभं करणार का दादा?

हो, पुढचा एक खर्च आत्ताच सांगून ठेवते. ती तिथे पोचेल तेव्हा लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीनकार्ड दोनच वर्षांचं मिळतं. ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत पुढच्या कार्डासाठी आय-751 अर्ज भरायचा, 750 डॉलर. पूर्वी ठशांसकट 680 होते.

निवृत्त_कारकून_शहापूर

कागदांबद्दल मी लिहितो, आयुष्य त्यातच गेलं.

कन्नड जन्मदाखला चालतो, सोबत पूर्ण इंग्रजी भाषांतर हवं. त्यासाठी एजंटाला पानामागे पैसे मोजायची गरज नाही. दोन्ही भाषा येणाऱ्या माणसाने भाषांतर करून खाली लिहून द्यायचं की मला ह्या भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नाव, सही, तारीख, पत्ता. गावातले कन्नड शाळेचे मास्तर हे काम उत्तम करतात. वहिनींच्या माहेरच्या नावासाठी दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र करा, त्यांच्या लग्नाचा काही पुरावा असेल तर जोडा. पुतणीचं नाव मात्र पासपोर्टावर आहे तेच सगळीकडे जाऊ द्या. लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव लावायची घाई करू नये, माहेरच्या नावाचा पासपोर्ट चालतो. नावांचा गोंधळ वाढला की ते खुलासा मागतात, महिने जातात. अर्ज फेटाळलाच तर फी परत मिळत नाही, नव्याने भरावी लागते.

पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून, त्याची फी 500 रुपये. तो आत्ता काढू नका, मुलाखत जवळ आली की काढा, नाहीतर जुना होतो. वैद्यकीय तपासणी कॉन्सुलेटने ठरवून दिलेल्या डॉक्टरांकडेच, आणि तिचे पैसे तिथेच द्यायचे. एवढे दोनच खर्च दादांनी खिशातून केले तरी पोरीला दिल्याचं समाधान मिळेल.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी लिहितो, कारण ह्यावर कोणीच बोललं नाही. लग्नाचं प्रमाणपत्र. अमेरिकेला भटजींचा दाखला किंवा कार्यालयाची पावती दाखवून भागत नाही, सब-रजिस्ट्रारचं नोंदणीपत्र लागतं. कर्नाटकात हिंदू विवाहाची नोंदणी कावेरी संकेतस्थळावरून करता येते, लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, वयाचे-पत्त्याचे पुरावे आणि साक्षीदार लागतात. पण तुमचा जावई परदेशी नागरिक आहे. अशा वेळी काही कचेऱ्या हिंदू विवाह कायद्याखाली नोंद करायला कां-कू करतात आणि विशेष विवाह कायद्याखाली या म्हणतात. त्यात 30 दिवसांची नोटीस आहे. जावयाची रजा तीन आठवड्यांची असेल तर नोंदणी न होताच तो परत जाईल, आणि आय-130 सुरूच होणार नाही.

तेव्हा एजंटाकडे जाण्याऐवजी दादांनी ह्याच आठवड्यात सब-रजिस्ट्रार कचेरीत जाऊन विचारावं, मुलाच्या अमेरिकन पासपोर्टची आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळतं ते) असेल तर त्याची झेरॉक्स घेऊन. तोंडी "होतंय की" म्हणाले तर कोणत्या कायद्याखाली आणि कोणकोणते कागद हे लिहून घ्या. नोटीस लागणार असेल तर तिची तारीख धरून जावयाला तिकीट काढायला सांगा. पत्रिका छापायला त्यानंतर टाका.

येळ्ळूरकर

पत्रिकेचा मजकूर उद्याच छापखान्यात जाणार होता. थांबवतो. जावयाची रजा किती आहे ते विचारून इथेच लिहितो. ओसीआय कार्ड त्याने काढलंय की नाही हेही माहीत नाही.