नवे ३२-६२२ टायर रिमवर चढत नाहीत, चढले तर उतरत नाहीत

सिंहगडरपेट

नमस्कार मंडळी. हायब्रिड सायकलसाठी नवे टायर आणलेत. ३२-६२२, कडेत पोलादी तार असलेले, आत पंक्चररोधक जाड थर असलेले. रिम ट्यूबलेस रेडी, म्हणजे ट्यूबशिवायही टायर बसवता येईल अशी आहे, आतली रुंदी १९ मिमी, पण मी ट्यूबच वापरतो. रिमवर कापडी टेपचे दोन वेढे आहेत.

पहिली कड हाताने बसते. दुसरी व्हॉल्व्हपासून सुरू करतो, तर समोरच्या बाजूला वीतभर उरते आणि तिथून पुढे सरकत नाही. लिव्हरने, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीने, रेटून चढवलं तेव्हा दोन ट्यूब चिरल्या आणि एक प्लॅस्टिकची लिव्हर मोडली. काढतानाही तेच हाल. घाटात पंक्चर झालं तर काय करायचं? दुकानात सांगितलं की वापरून तार सैल होईल. खरंच होते का?

आरा_आणि_निपल

तार सैल होत नाही. पोलादी तार काय किंवा घडीच्या टायरमधला अरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याचा दोर काय, हाताच्या जोराने ताणला जाणार नाही आणि जाऊही नये, कारण भरलेल्या हवेला तोच धरून ठेवतो. वापराने मऊ पडते ती टायरची बाजू. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वेळी काम सोपं जातं.

आधी आकडा तपासा. ३२-६२२ मधला ६२२ म्हणजे कड जिथे बसते तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. हाच आकडा रिमवर असायला हवा. नुसत्या इंचांवर जाऊ नका. याच मापाच्या ७००×३२सी टायरवर बऱ्याचदा २८ इंच छापलेलं असतं आणि आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा २८×१½ हाही अठ्ठावीसच, पण तो ६३५ चा. सत्तावीस इंची रिम ६३० ची. त्यावर ६२२ चा टायर चढवायला गेलात तर कितीही जोर लावा, चढणार नाही.

आकडा जुळत असेल तर ढिलाई कमी पडतेय. टायरची कड रिमच्या भिंतीवरून पलीकडे जायला जागा लागते आणि ती जागा फक्त रिमच्या मधल्या खोबणीतून मिळते. खोबण कडेच्या बैठकीपेक्षा ३ मिमी खोल असेल तर पूर्ण वेढ्यात २ × ३.१४ × ३, म्हणजे जवळजवळ १९ मिमी तार मोकळी होते. काही ट्यूबलेस रेडी रिममध्ये ही खोबण उथळ आणि अरुंद असते. त्यात तुमची टेप. एक थर अर्धा मिलिमीटर जाड धरला तरी दोन वेढ्यांत ६ मिमी ढिलाई गेली. तुमचा अर्धा त्रास त्या टेपमध्ये आहे.

आणि सुरुवात उलटी होतेय. व्हॉल्व्हच्या बुडाशी ट्यूबचं रबर जाड असतं, तिथे कड खोबणीत उतरूच शकत नाही. म्हणून व्हॉल्व्ह शेवटी.

दुचाकीदुरुस्ती

वरचं कारण पटलं की बाकी हाताची सवय आहे. मी सांगतो त्या क्रमाने करा.

टायर अर्धा तास उन्हात ठेवा. तार वाढणार नाही, पण बाजू नरम पडेल. फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. पहिली कड चढवा. ट्यूबला शंखजिरे किंवा साधी टाल्कम पावडर लावून झटका आणि ट्यूब गोल होईल एवढीच हवा भरा, छोट्या पंपाचे दोन-तीन झटके. ट्यूब टायरमध्ये सरकवा. व्हॉल्व्हवर रिमलगत आवळायची चकती अजून लावू नका.

आता दुसरी कड व्हॉल्व्हच्या बरोबर समोरून सुरू करा आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंनी व्हॉल्व्हकडे न्या. वीतभर उरली की थांबा. इथेच लोक जोर लावतात आणि चुकतात. ट्यूबमधली सगळी हवा सोडा, कारण ती खोबण अडवून बसते. मग पुन्हा समोरच्या टोकाला जा. टायरच्या दोन्ही बाजू चिमटीत धरून एकमेकींकडे दाबा, दोन्ही कडा खोबणीत पडलेल्या बोटांना कळतात. तशीच चिमूट सोडत-धरत व्हॉल्व्हकडे या, येताना टायर आपल्याकडे ओढत. असे दोन फेरे घाला. उरलेली वीत चार बोटांवर येते. कड मागे सरकत असेल तर एक-दोन ठिकाणी टायर आणि रिम मिळून वेलक्रोच्या पट्टीने बांधून टाका.

शेवटचा तुकडा अंगठ्यांच्या टोकांनी ढकलू नका. चाक उभं धरा, व्हॉल्व्ह वर, न चढलेली बाजू तुमच्याकडे. तळहाताचा मनगटाजवळचा फुगीर भाग टायरवर टेकवा आणि टायर पुढे लोळवल्यासारखा ढकला. तरी अडला तर कडेला भांड्यांच्या साबणाचं पातळ पाणी लावा. तेल, ग्रीस नको: रबर खराब होतं आणि टायर रिमवर फिरतो.

लिव्हर लावावीच लागली तर एका वेळी दोन सेंटिमीटर. टोक रिमच्या काठापुरतं आत, पुढे नाही. लिव्हर उभी होण्यापलीकडे झुकवली की टोक आत घुसून ट्यूब रिमवर चेपतं. तुमच्या चिरा बहुधा अशाच गेल्या.

चढल्यावर व्हॉल्व्ह आत ढकलून बाहेर ओढा, म्हणजे कडेखाली अडकलेली ट्यूब सुटते. दोन्ही बाजूंनी कड बाजूला सारत पूर्ण फेरी मारा. ट्यूब कुठेही दिसता कामा नये. २० पीएसआय भरा आणि टायरच्या बाजूवर छापलेली बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना ते पाहा. असेल तरच पुढची हवा.

मुठा_ते_मुळशी

काढण्याबद्दल लिहितो. ट्यूबलेस रिममध्ये बैठकीच्या आतल्या बाजूला बारीक उंचवटा असतो, कड त्यापलीकडे घट्ट बसलेली असते. ती न सोडवता लिव्हर घातली की लिव्हरच मोडते. हवा पूर्ण सोडा, चकती काढा. मग अंगठ्यांनी टायरची बाजू आत ढकलत जा, कुठेतरी टक्‌ असा आवाज येऊन कड सुटेल. तिथून पुढे सोपं. दोन्ही कडा पूर्ण फेरीभर सोडवा. अजिबात हलत नसेल तर चाक आडवं ठेवून बुटाच्या टाचेने रिमलगत टायर दाबा. डिस्क ब्रेक असेल तर डिस्क वरच्या बाजूला ठेवा, खाली आली तर वाकेल.

मग चिमूट मारत सगळी ढिलाई व्हॉल्व्हकडे आणा. पहिली लिव्हर व्हॉल्व्हपासून चार बोटं सोडून लावा, तिच्या टोकाचा हूक आऱ्यात अडकवा. दुसरी ८ ते १० सेंटिमीटरवर. जड वाटलं तर जोर न लावता समोरची कड खोबणीत आहे का ते पुन्हा बघा. बहुतेक वेळा ती परत वर चढलेली असते.

घाटात पंक्चर झालं आणि टपरीवर गेलात तर मोटारसायकलचे लोखंडी पाने रिमला लावू देऊ नका, काठावर ओरखडे पडतात. आपल्या लिव्हर पुढे करा, टपरीवाले आनंदाने वापरतात. प्रेस्टा, म्हणजे बारीक नळीचा व्हॉल्व्ह असेल तर पितळी अडॅप्टर जवळ ठेवा. कॉम्प्रेसरने हवा भरताना झटक्याझटक्याने भरा, एवढ्या छोट्या ट्यूबमध्ये दाब क्षणात चढतो.

सिंहगडरपेट

रिमवर ६२२-१९ कोरलेलं आहे, म्हणजे आकडा बरोबर. कापडी टेप काढतो. ट्यूबलेसची टेप ट्यूबबरोबर चालेल ना? रुंदी किती घेऊ?

आरा_आणि_निपल

चालेल. आतल्या रुंदीपेक्षा २ मिमी जास्त, म्हणजे २१ मिमी. दोन वेढे द्या, एकच दिला तर ७०-८० पीएसआयला आऱ्यांच्या भोकांवर टेप दबू शकते. दोन मिळूनही ती कापडी टेपच्या एका थरापेक्षा पातळ भरते. जुन्या टेपचा चिकटा स्पिरिटने पुसा, सुकू द्या. व्हॉल्व्हच्या जरा आधी सुरू करा, ताणून लावा आणि खोबणीच्या तळाशी अंगठ्याने घट्ट बसवा. तळ सोडून टेप तंबूसारखी ताणली गेली तर खोबण पुन्हा उथळच राहील. व्हॉल्व्हचं भोक आतून अणकुचीदार गरम सळीने पाडा, ब्लेडने कापलेली फट पुढे फाटत जाते.

टायर चढले की सायकल न चालवता रात्रभर पूर्ण हवेत ठेवा. नंतर एकदा घरीच काढून परत चढवा, आणि तेव्हा फक्त तेवढंच सामान वापरा जे रस्त्यावर तुमच्या पिशवीत असेल.