गेज ३३ मायक्रॉन दाखवतो, तरी आयसीच्या पायांच्या कडा उघड्या

सोल्डरधूर:
सर्किट बोर्डावर अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंग (ओलावा-धुळीपासून वाचवणारा लॅकरचा पातळ थर) स्प्रे गनने मारतोय. लॅकरचा घनांश (सुकल्यावर उरणारा भाग) आकारमानाने ३० टक्के, त्यात लॅकरइतकंच थिनर. ओला थर कंगवा गेजवर (ओल्या थरात टेकवायची दातेरी पट्टी) ७५ मायक्रॉन. सुकल्यावर एडी करंट गेज ३३ दाखवतो. आयपीसी-ए-६१० (इलेक्ट्रॉनिक बोर्ड पास-नापास ठरवायचं मानक) प्रमाणे अ‍ॅक्रिलिकला ३० ते १३० चालतं, म्हणजे पास ना? पण यूव्ही दिव्याखाली, जिथे लॅकर चमकायला हवं, आयसीच्या पायांच्या कडा काळ्याच दिसतात.

ओहमदास:
गेजचा शून्य उघड्या तांब्यावर केलात का? लॅकरइतकंच थिनर घातल्यावर घनांश १५ टक्के उरतो. ७५ × ०.१५ म्हणजे जेमतेम ११ मायक्रॉन. बाकीचे २२ सोल्डर मास्कचे (बोर्डाच्या तांब्यावर आधीपासून असलेला संरक्षक थर) असणार. प्रोब आणि तांबं यांच्यामध्ये जे काही आहे ते सगळं हा गेज मोजतो, त्याला लॅकर आणि मास्क सारखेच. त्याच लॉटमधला कोटिंग न केलेला बोर्ड घ्या, त्याच जागी मास्कवर शून्य करा. जागा सपाट हवी, खाली सलग तांबं हवं. तशी जागाच नसेल तर बोर्डाशेजारी कूपन (चाचणीची पट्टी) ठेवून फवारा आणि आधी-नंतर मायक्रोमीटरने मोजा.

सोल्डरधूर:
हो, उघड्या तांब्यावरच केलं होतं. मग एकच जाड हात मारू?

तांबडी वायर:
अजिबात नको. वर साय धरते, खाली सॉल्व्हंट अडकतं आणि ओव्हनमध्ये गेल्यावर पायांपाशी साचलेल्या लॅकरला बुडबुडे येतात. सुकी जाडी ५० मायक्रॉन हवी असेल तर या मिश्रणाचे ओले ३३३ लागतील, म्हणजे ७५ चे चार-पाच हात. चार भाग लॅकरला एक भाग थिनर केलं तर घनांश २४ टक्के, ओले साधारण २१०, तीन हातांत काम. गनमधून नीट फवारलं जात नसेल तर थिनर वाढवा, पण व्हिस्कॉसिटी कपने दाटपणा मोजून.
दर हाताला बोर्ड ९० अंश फिरवा, नाहीतर पायांची एक बाजू सावलीत राहते. पुढचा हात आधीचा बोटाला चिकटेनासा झाल्यावरच. धारदार कडेवरून लॅकर मागे सरतंच, म्हणून तिथे जाड एकापेक्षा पातळ तीन बरे.

ओहमदास:
एक राहिलं: डेटाशीटवरचा घनांश वजनाचा की आकारमानाचा ते बघा. सॉल्व्हंट रेझिनपेक्षा हलकं असतं, त्यामुळे वजनाचा आकडा या हिशोबात घातला की जाडी कागदावरच भरते.