वय ५२: बाबांच्या साध्या पेटीवर काळी चार शिकू, की स्केल चेंजर घेऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरची, शहरातल्या लष्कर भागात राहते. आठ महिन्यांपासून पेटी (हार्मोनियम) शिकतेय आणि आता एका जागी अडकले आहे. काळी चार म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी; तिच्यावर सा धरून गायचं-वाजवायचं.

पेटी बाबांची. साधी, ३९ पट्ट्यांची, डबल रीड, म्हणजे दर पट्टीला सूर देणारी दोन पितळी पाती. घरच्या गणपतीला आणि दर एकादशीच्या भजनाला तीच वाजायची. बाबा गेल्यावर दोन वर्षं माळ्यावर होती. खाली काढून भाता उघडला तर घड्यांमधून कापराचा वास आला. काळी एक, काळी तीन, काळी चार या पट्ट्यांचा रंग उडून आतलं लाकूड दिसतं. बाबा काळी एकमध्ये गायचे, म्हणजे हे त्यांचे सा, मध्यम आणि पंचम. माझा आवाज काळी चारमध्ये बसतो. त्यांच्या पंचमावर माझा सा येतो, हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ तीच एक पट्टी दाबून बसले होते.

अडचण अशी की क्लासमध्ये सगळं पांढरी एकपासून शिकवलं. अलंकार (सुरांचे पलटे), भूप आणि यमन रागांची सरगमगीतं तिथे बरी वाजतात. पण त्या पट्टीत गायला गेले की वर आवाज ओढावा लागतो आणि खाली मंद्रात तो उरतच नाही. काळी चार धरली की बोटांच्या गाठी बसतात. पांढरी एकला भूप सगळा पांढऱ्या पट्ट्यांवर. इथे सा काळी चार, रे काळी पाच, ग पांढरी एक, प काळी दोन, ध पांढरी चार. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही.

सर म्हणतात, या वयात कशाला त्रास घेता, स्केल चेंजर घ्या. सगळ्या पट्ट्या सरकवायच्या. बोटं पांढरी एकची, सूर काळी चारचा. भजनी मंडळातल्या बायकाही तेच सांगतात. पैशांचं जमवता येईल. पण मग बाबांची पेटी परत माळ्यावर जाईल, आणि ते मला नको आहे. ठुमरीच्या साथीत पेटीला मान मिळवून देणारे भैया गणपतराव आपल्या ग्वाल्हेरचे, असं बाबा फार अभिमानाने सांगायचे. बाबांच्या हातची पेटी या घरात बंद पडू नये, एवढंच वाटतं.

तर विचारायचं हे, की पन्नाशीनंतर काळी चारची बोटं नव्याने बसतात का? बसत असतील तर सुरुवात कशी करू? माझी अनामिका आणि करंगळी सकाळी आखडलेली असतात, म्हणून रियाज संध्याकाळी अर्धा तास करते. तेवढा पुरेल का? शिवाय भाता भरून एकही पट्टी न दाबता सोडला तर तो लगेच बसतो. मे महिन्यातल्या इथल्या उन्हाळ्याने लाकडाला फटी पडल्या असतील का?

प्रतिसाद १ (इंदूर)

ताई, पेटी विकू नका आणि माळ्यावरही टाकू नका. काळी चार दिसते तितकी अवघड नाही. तुमचा अंगठा काळ्या पट्टीवर जात असणार, म्हणून हात वाकडा होतो. बिलावलचे, म्हणजे सगळे शुद्ध सूर असे घ्या: सा तर्जनी, रे मधलं बोट, ग अंगठा, म तर्जनी, प मधलं, ध अंगठा, नी तर्जनी, वरचा सा मधलं. अंगठा फक्त ग आणि ध वर, दोन्ही पांढऱ्या. अनामिका, करंगळी लागतच नाहीत. भूप दोन आठवडे बाजूला ठेवा, आधी हेच सरळ अलंकार तोंडाने म्हणत वाजवा.

अर्धा तास पुष्कळ झाला, फक्त एकाच पट्टीत करा. रोज पट्टी बदललीत तर हात गोंधळतो.

स्केल चेंजर वाईट नाही, पण जड असते आणि तिची देखभालही जास्त. हवा जाण्याचं म्हणाल तर उन्हाळ्याने सांधे सुटू शकतात, पण पेटी जुनी आहे, तेव्हा आधी भात्याचं चामडं बघून घ्या. चांगल्या कारागिराकडेच द्या. घरी कुणाला रीडवर तेल घालू देऊ नका.

धागाकर्ती

दादा, खूप आभार. काल रात्री बसले. चढताना अंगठा बरोबर ग वर पडला, एकदा नाही, सलग सहा वेळा! उतरताना मात्र ध वरून प वर येताना, मधलं बोट अंगठ्यावरून नेलं की सूर तुटतो. तिथे वेगळं बोट घ्यायचं का?

प्रतिसाद १ (इंदूर)

बोट तेच ठेवा. उजवा हात अडला की भात्यावरचा डावाही नकळत थांबतो, त्यामुळे हवा तुटते. फक्त ध प, ध प एवढंच वाजवा आणि लक्ष डाव्या हाताकडे ठेवा. मधलं बोट प वर टेकेपर्यंत ध वरचा अंगठा उचलू नका.